जमिनीवर बसून मागितलेली माफी

माझी लेक किंगा सोफा सोडून जमिनीवर बसली, तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. मिग्दालियाच्या पुढच्या खोलीत दोन सोफे होते, एक डुलती खुर्ची होती, शिवाय माझ्या शेजारी किंगासाठी मुद्दाम ठेवलेली जागा होती. आणि ही पोरगी कोट काढून सरळ गालिच्यावर मांडी घालून बसली, दोन्ही हात बाह्यांच्या आत ओढून. आमच्या न्यू ब्रिटन गावात जमिनीवर बसतात ती रांगती पोरं, नाहीतर सिंकखाली शिरलेला प्लंबर. तेरा वर्षांची मुलगी, तीही रविवारी, चर्चमधून परस्पर दुसऱ्याच्या घरी आल्यावर जमिनीवर बसत नाही. आणि परस्पर तरी कुठे? चर्चमध्ये तिच्या अंगात निळा फ्रॉक होता. मध्ये दहा मिनिटं घरी जायचंच म्हणून तिने हट्ट धरला आणि बाहेर आली ती करड्या रंगाच्या ढगळ, टोपीवाल्या स्वेटशर्टात. नखांचं पॉलिश खरवडून काढलेलं, केसांचा कसातरी बांधलेला बुचडा. "माफी मागायला चाललोय आपण, कचरा टाकायला नाही," मी म्हणालो. त्यावर माझी बायको अनेता म्हणाली, "कपड्यांचं काय घेऊन बसलास? तिला मनातून वाटतंय ना, झालं तर मग." मनातून! मनातलं मला दिसत नाही बाबा, मला कपडे दिसतात.

समोरच्या सोफ्यावर यारेलिस गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मिग्दालियाची ही एकुलती एक. बालवाडीच्या पहिल्या दिवशी दोघी एकाच टेबलावर बसून रडल्या, तेव्हापासून किंगा आणि यारेलिस म्हणजे एकीला ठेच लागली तर दुसरी लंगडायची. तर ती यारेलिस अकरा दिवस शाळेत गेली नव्हती, आणि त्याला कारण आमची कन्या. त्यांच्याकडे राहायला गेलेली असताना हिने दाराच्या फटीतून यारेलिसचा व्हिडिओ काढला. यारेलिस आरशासमोर उभी होती, हातात केसांचा ब्रश, आणि आपलं एक चॅनेल आहे असं समजून ती बोलत होती. "हॅलो माझ्या चिमण्यांनो! आज मी तुम्हाला माझा महाल दाखवणार आहे!" मग एका बाजूने सुटलेला पडदा दाखवला, वर डाग पडलेलं छत दाखवलं, ब्रशपुढे मान वाकडी करून हसली. वीस-बावीस सेकंद. किंगाने ते नेटवर टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेने पाहिलं. दुसऱ्या दिवशी यारेलिस वर्गात शिरली तेव्हा तीस पोरं एका सुरात ओरडली, हॅलो माझ्या चिमण्यांनो. ती दाराशीच वळली आणि घरी गेली, दोन मैल चालत, थंडीत, कोट शाळेतच टाकून. आता सोमवारी ती शाळेत परत येणार की नाही, आणि या दोघींचं पुन्हा कधी जमणार की नाही, ते या माफीवर होतं. मला ते ठाऊक होतं. माझ्यावर आंधळेपणाचा आरोप कुणी करू नये.

किंगाने आधी एक श्वास सोडला. लांब, खांदे पाडत. मग म्हणाली, "मला सबबी सांगायच्या नाहीत. मी जे केलं ते चूक होतं, आणि ते मी केलं. गेले काही दिवस मी गप्प राहून ऐकत होते, शिकत होते. माझ्यामुळे जे जे दुखावले गेले, त्या सगळ्यांची मी माफी मागते. मला लगेच माफ करा असं मी म्हणणार नाही. तो हक्क तुमचा आहे." एवढं बोलून ती गप्प झाली. ना अडखळली, ना एखादा शब्द बदलला. तिची नजर यारेलिसवर नव्हती, मिग्दालियावर नव्हती. दोघींच्या मधे, जरा वर, दिव्याच्या खांबाच्या आसपास कुठेतरी होती. तिथे काहीच नव्हतं. यारेलिस पहिल्या वाक्यालाच दचकल्यासारखी झाली. तोंडात धरलेली स्वेटरची दोरी तिने सोडली, ओठ जरा हलले, मग तिने पाय खाली घेतले आणि सरकून बसली. किंगा उठून त्या जागेवर जाऊन बसली. खांद्याला खांदा. मिग्दालियाने डोळे पुसले, आत गेली आणि पेरूचा गर आणि चीज भरलेल्या गरम खाऱ्या घेऊन आली. "खा, कोन्राड, खा," ती मला म्हणाली, "लेकरं आपल्यापेक्षा शहाणी असतात." दुसरा कुणी बाप असता तर देवाचे आभार मानून दुसरी खारी उचलली असती.

मी बावीस वर्षं हार्टफर्डला एका विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या जबान्या ऐकणं हे माझं पोट. घर कसं जळलं, गाडी कशी ठोकली, पाय नेमका कुठल्या पायरीवर घसरला. खरं बोलणारा माणूस कसा बोलतो ते मला विचारा. तो अडखळतो. मंगळवार म्हणतो, मग नाही नाही बुधवार, त्या दिवशी कचऱ्याची गाडी येते, म्हणतो. मधेच कुत्र्याबद्दल सांगतो. खोट्याची जबानी मात्र इस्त्री करून आलेली असते. आमच्या ऑफिसात मला पाठीमागे 'नाक' म्हणतात, आणि ते मला आवडतं, हेही सांगून टाकतो. गाडीत बसल्याबरोबर मी आरशातून किंगाकडे बघत विचारलं, "'जे जे दुखावले गेले' म्हणजे कोण कोण गं?" "म्हणजे?" "दुखावली एक यारेलिस. 'जे जे' कुठून आले?" अनेताने माझ्या मांडीवर हात ठेवला. तो लाडाचा नव्हता. "कोन्राड, गाडी चालव." किंगाने टोपी डोक्यावर ओढली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रात्री जेवताना मात्र ती दोनदा हसली, कारण फोनवर यारेलिसचा निरोप आला होता, आणि सोमवारी सकाळी मी तिला शाळेच्या फाटकाशी सोडलं तेव्हा यारेलिस तिथे उभी होती, नव्या कोटात. दोघी हातात हात घालून आत गेल्या. कुणीतरी चिमण्यांचं ओरडलं. किंगाने मागे वळून त्या पोराला असं काही सुनावलं की मला गाडीच्या बंद काचेतूनही ऐकू आलं. इथे तरी माणसाने शांत व्हावं की नाही? सुंठीवाचून खोकला गेला होता. पण संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो आपलं काम केल्याशिवाय बाहेर येत नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत जाऊन बसलो. अनेताने दिलेलं कोबीचं सारण भरलेलं पिएरोगी तसंच डब्यात, आणि मी फोनवर किंगाचं वाक्य शोधायला घातलं. 'मी गप्प राहून ऐकत होते, शिकत होते.' एवढंच. आणि लगेच ती आलीच. ब्रिन्ली कोस्ट. हे नाव मला माहीत होतं, किंगाच्या कपाटाच्या दारावर तिचं चित्र आहे. ऍरिझोनातली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, पांढऱ्या शुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून केस विंचरते, लापशी खाते, मुलींना सांगते की स्वतःवर प्रेम करा, आणि लाखो मुली स्वतःवर प्रेम करण्याआधी हिच्यावर करतात. 'चिमण्या' हा शब्दही हिचाच. पण या व्हिडिओत स्वयंपाकघर नव्हतं. करडा स्वेटशर्ट. बुचडा. धुतलेला चेहरा. जमिनीवर मांडी. आणि पहिल्याच सेकंदाला तो श्वास, लांब, खांदे पाडत. "मला सबबी सांगायच्या नाहीत." कुठल्याशा हॉटेलात वाढपिणीची नक्कल करून तिला रडवलं होतं म्हणे या बाईने, आणि त्यावरून लोकांनी हिला धारेवर धरलं होतं. शब्दन् शब्द तोच. 'जे जे' आलं. 'तो हक्क तुमचा आहे' आलं. दिव्याच्या खांबाजवळ किंगा काय बघत होती तेही कळलं: तिथे कॅमेरा असतो. मी चार वेळा पाहिला तो व्हिडिओ. पिवळ्या वहीत मधोमध रेघ मारली, डावीकडे ब्रिन्ली, उजवीकडे किंगा, आणि सारख्या शब्दांखाली खुणा करत गेलो, शेवटी खुणा कसल्या, सगळं पानच. खाली शोधलं तर या माफीनंतर तीन आठवड्यांनी बाईंनी ओठांना लावायचं गुलाबी मलम विकायला काढलं होतं. नाव काय, तर 'नवी सुरुवात'. मला हसू आलं, खरंच मोठ्याने हसलो गाडीत एकटाच, आणि त्या हसण्यात एक आनंद होता, तो मी नाकारत नाही. नाक बरोबर निघालं होतं. माझ्याच पोरीच्या बाबतीत बरोबर निघालं, याचं वाईट वाटायला आणखी थोडा वेळ लागला.

मग वाईट वाटलं, आणि चांगलंच वाटलं. एवढीशी होती तेव्हा दूध सांडलं तर पुसायच्या आधी येऊन सांगणारी मुलगी ही. आता माफीसुद्धा बाहेरून आणते. आमच्या पिढीलाही वेड होतंच. आमच्या गावच्या हॉकी संघातला एक खेळाडू च्युइंगगम डाव्या गालात धरायचा म्हणून मी दोन वर्षं डाव्या गालाने चावत होतो. पण गालाने. जिभेने नाही. बोलायचं कसं ते आम्ही घरात शिकलो, असं माझ्या मनात आलं, आणि तिथे घोडं जरा पेंड खाऊ लागलं. कारण माझ्या बापाला मी कधी माफी मागताना ऐकलं नाही. बॉल-बेअरिंगच्या कारखान्यातून तो रागात यायचा, आईला नको ते बोलायचा, आणि दुसऱ्या दिवशी ब्रॉड स्ट्रीटवरून धुरावलेलं सॉसेज घेऊन यायचा. ते टेबलावर ठेवायचा. आई ते कापायची. झाली माफी. मीही त्यातलाच. मी अनेताची गाडी धुऊन आणतो. आणि आठव्या वर्षी पहिल्यांदा पापाची कबुली द्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट आठवली. 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय' हे सगळं घोकून पाठ होतं, आणि ऐन वेळी पापच आठवेना. मग एक बनवलं. दुकानातून लिमलेटच्या गोळ्या चोरल्या म्हणून सांगितलं. जाळीपलीकडच्या म्हाताऱ्याने तीन प्रार्थना म्हणायला लावल्या आणि सोडून दिलं. शब्द घोकलेले, पाप बनावट, आणि तरी मी बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की मी घरापर्यंत पळत गेलो. हे आठवलं आणि मी वही मिटली. मिटली आणि पुन्हा उघडली. ते वेगळं, मी स्वतःला म्हणालो. तिथे देव होता, इथे ओठांचं मलम विकणारी आहे. डबा संपवायचा राहिलाच.

किंगाशी बोलायला हवं होतं. अनेताशी तरी. पण दाव्यात ज्याचं नुकसान झालं त्याला आधी कळवायचं, ही माझी सवय, आणि ती सवय मी तत्त्व म्हणून मिरवली. मंगळवारी चार वाजता, दोघी पोरी शाळेत गाण्याच्या तालमीला होत्या तेव्हा, मी मिग्दालियाकडे गेलो. ती घरी शिवणकाम करते. त्यांच्याकडे मुलींचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात, त्याचे ते मोठ्ठे घेरदार झगे. खोलीभर जांभळी जाळी पसरली होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. मी फोन तिच्या मशीनवर ठेवला आणि व्हिडिओ लावला. ती बघत राहिली आणि बघता बघता एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या गादीत खोचत गेली. शेवटची टाचणी खोचली तेव्हा व्हिडिओ संपला होता.

"हे मला कशासाठी दाखवताय?" तिने विचारलं.

"तुम्हाला खरं काय ते कळावं म्हणून. मला बरं वाटेना. तुम्ही आम्हाला खाऊ घातलंत."

"मी रडले, कोन्राड."

"म्हणूनच तर—"

"माझ्या घरात, माझ्या गालिच्यावर बसून तुमच्या पोरीने नाटक केलं, आणि मी रडले. आधी माझ्या मुलीचा तमाशा केला, आता माझाही." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या बहिणीने स्प्रिंगफील्डला यारेलिससाठी शाळा बघून ठेवली होती. रविवारी मी तिला फोन करून सांगितलं, नको, इथलं सगळं मिटलं." तिने फोन उचलून माझ्या हातात दिला, दोन बोटांनी, जसा मेलेला उंदीर धरतात. "बरं झालं सांगितलंत."

बरं झालं. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मला अगदी असंच वाटत होतं, की बरं झालं, आता सगळे सरळ बोलतील. गाडीत बसून मी माझं मन चाचपून पाहिलं, जसा माणूस पडल्यावर उठून हात-पाय चाचपतो. सगळं जागेवर होतं. मी प्रामाणिक वागलो होतो. मला यात काय मिळणार होतं? काहीच नाही. ज्याला काही मिळत नाही तो खरं बोलत असतो, हे मी नव्या पोरांना ऑफिसात शिकवतो.

सहा वाजता किंगा आली ती एकटी, चालत. दप्तर पाठीवरून न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. अनेता औषधांच्या दुकानात काम करते, ती अजून यायची होती. मी बटाटे सोलत होतो.

"तू यारेलिसच्या आईकडे गेला होतास."

"बस आधी."

"ती तालमीच्या मधेच आली. सगळ्यांसमोर मला म्हणाली, माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. यारेलिसला दंडाला धरून नेलं. ती परवा चाललीये मावशीकडे. डॅड, ती चाललीये."

"किंगा, त्या बाईला फसवून तू—"

"तिला माहीत होतं!"

"मिग्दालियाला?"

"यारेलिसला! मी श्वास सोडला ना, तेव्हाच कळलं तिला. आम्ही दोघींनी तो व्हिडिओ शंभर वेळा पाहिलाय. तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी बोलत होते तेव्हा तिचे ओठ हलत होते, तू बघितलं नाहीस? तू तर सगळं बघतोस."

मी बघितलं होतं. ओठ हलले, हे मी बघितलं होतं आणि रडू आवरतेय असं समजलो होतो. "म्हणजे दोघींनी मिळून आम्हा मोठ्यांना बनवलंत," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात पुन्हा तो गाडीतला आनंद डोकावला, मला ऐकू आला.

"नाही!" ती जवळजवळ किंचाळली. "तुला सगळ्यात कटच का दिसतो रे? मी तिला आरशासमोर ब्रिन्ली होताना हसले होते. सगळ्यांना हसायला लावलं होतं. म्हणून मी तिच्यासमोर ब्रिन्ली झाले. तिच्या आईसमोर. तुझ्यासमोर. तू कसा बघत होतास माझ्याकडे, ते काय मला कळत नव्हतं? तिला हवं असतं तर ती हसू शकली असती. ती हसली नाही, तिने जागा दिली." तिने बाहीने नाक पुसलं. तोच करडा स्वेटशर्ट होता.

बटाटा माझ्या हातात होता. तो ठेवायचं सुचलं नाही. "पण स्वतःच्या शब्दांत का नाही मागितलीस?" मी विचारलं. हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारत होतो.

"मागून बघितली ना. आठ वेळा लिहिली. दर वेळी 'पण' यायचा." आता ती हळू बोलत होती, अडखळत, मधेच थांबत. "मी वाईट वागले, पण मला वाटलं तिला पण मजा वाटेल. मग ते खोडलं. माझं चुकलं, पण तिने... तिने पाचवीत माझा झोपेतला फोटो टाकला होता. सहावीत. नाही, पाचवीतच. ते पण खोडलं. चुकलं, पण मी ते लगेच काढून टाकलं होतं. कितीही खोडलं तरी यायचाच. ब्रिन्लीच्या माफीत एकही 'पण' नाहीये. तिने कशाला मागितली ते मला माहितीये, मी काय बावळट आहे? ते मलम मी घेतलं पण नाही. मला फक्त ती 'पण' नसलेली माफी हवी होती. यारेलिसला द्यायला."

चार वेळा मी तो व्हिडिओ ऐकला होता. दोन रकाने केले होते. वहीचं ते पान डोळ्यांपुढे आणून मी डावीकडून उजवीकडे शोधलं, पुन्हा शोधलं, 'पण' कुठेच नव्हता. मिग्दालियाला आत्ता फोन करावा, उठून जावं, सांगावं, पण काय सांगणार होतो मी तिला, कुठल्या तोंडाने, आणि ती तरी का ऐकेल? आजवर मी पुष्कळांना खोटं पाडलं आहे आणि घरी येऊन शांत झोपलो आहे. माझ्यासमोर माझी मुलगी उभी होती, तिची एकुलती एक मैत्रीण परवा निघून जाणार होती, आणि ते मी केलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

मी बटाटा ठेवला. हात पुसले. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला रडू येत होतं, हे मी सरळ सांगतो.

"माझं चुकलं, किंगा," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती. इथे थांबायचं होतं. मी थांबलोही असेन एखादा क्षण. "खूप चुकलं. पण मला वाटलं—"

"आला बघ," किंगा म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने दप्तर काढून खुर्चीवर ठेवलं आणि माझ्या बाजूने वळून जिना चढून वर गेली.